साहेबाच्या डोक्यावरचा फेस

एका गोऱ्या कलेक्टराने हुकूम काढला, "माझ्या बंगल्यात फक्त इंग्रजी चालेल. ज्याच्या तोंडून देशी शब्द निघेल, त्याची नोकरी गेली." माळी सवयीने 'पाणी' म्हणाला आणि त्याच दिवशी घरी बसला.

दुसऱ्या सकाळी साहेब पायजम्यातच खुर्चीत रेलला आणि सटवाजी न्हाव्याला म्हणाला, "शांपू!" साहेबांच्या हजामती करता करता इंग्रजी शिकलेल्या सटवाजीने त्याच्या डोक्याला भरपूर साबण चोळला आणि हात पुसून बाजूला उभा राहिला.

"थांबलास का रे?"

"सरकार, शांपू म्हणजे आमची चंपी. तुमच्या लोकांनी ती इथूनच उचलली. 'बंगला' हा शब्दही आमचाच, म्हणजे हुकमाच्या पहिल्याच ओळीत तुमची नोकरी गेली. अंगातल्या पायजम्याचं तर मी बोलतच नाही."

साहेब संतापून ताडकन उठला, तसा कपाळावरचा फेस डोळ्यांत उतरला. डोळे चोळत तो बोंबलला, "पाणी! अरे, पाणी आण!"

"आणलं असतं, सरकार," सटवाजी धोकटी आवरत म्हणाला, "पण ह्याच शब्दापायी माळी गेला. आधी त्याला बोलावता, की तुम्हीही घरी जाता?"