आधी मीठ

“असं काय आहे त्याच्यात, जे माझ्यात नाही?”

सुदर्शननं हे बुवांच्या पानासमोर उभं राहूनच विचारलं. हातात मिठाचं भांडं होतं. पंगत नुकतीच बसली होती. पानं कोरी होती.

मठाच्या केरोबाबुवांनी मान वर केली नाही. “कोणाच्यात?”

“दिगंबरच्यात. दुसऱ्या कोणाच्यात?”

दोघंही या मठातच वाढलेले. पुढं पुण्यात एका खोलीत राहून शिकले. परवा एकाच मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत प्रोग्राम मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत दिली. दिगंबरला घेतलं. सुदर्शनला दुसऱ्या एका जागेसाठी सोमवारी पुन्हा बोलावलं. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं.

“काम काय असतं तिथं?”

“हाताला काही लावायचं नसतं, बुवा. दहा जण आपापलं काम करतात. एकापायी दुसऱ्याचं अडू द्यायचं नाही, एवढंच.”

“बरं.”

“दोघांना एकच प्रश्न विचारला. काम अडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? मी सगळं सांगितलं. तक्ते मांडले, बैठका घेतल्या, साहेबाला धारेवर धरलं. आणि हा काय म्हणाला? त्यानंच सांगितलं मला. म्हणे, आधी बघितलं, माझ्यापायी तर अडलं नाही ना.”

“मग?”

“मग काय... मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या. त्याला घेतलं.”

मागून भाताची परात घेतलेली गिरजामावशी म्हणाली, “अरे ए सायबा, भात निवतोय.”

“थांब गं मावशी. बुवांशी बोलतोय ना.”

“बोल बाबा. आम्ही काय, उभ्याच आहोत.”

या मठाची रीत जुनी. पानात आधी मीठ पडायचं. ते पडल्याशिवाय दुसरं काही वाढायचं नाही. पंगतीतली माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. एक म्हातारा पान सारखं सरळ करत होता.

सुदर्शनचा आवाज खाली आला. “इथंसुद्धा तेच. तुपाचं भांडं त्याच्या हातात दिलंत. मला मीठ.”

बुवांनी कोऱ्या पानावरून हात फिरवला.

“तूप वाढणाऱ्याकडं सगळे तोंड वर करून बघतात. मीठवाल्याकडं कोण बघतं?”

“कोणीच बघत नाही?”

सुदर्शननं मागं वळून पाहिलं. भाताची परात, वरणाची बादली, भाजीचं पातेलं... आणि सगळ्यांच्या मागं दिगंबर. तुपाचं भांडं छातीशी धरून तो याच्याकडंच बघत होता.

“तो बघतोय. मघापासून टक लावून बघतोय. मनातल्या मनात हसत असणार.”

“असेल.”

“लहानपणापासून असाच आहे. काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. आणि लोक त्यालाच चांगला म्हणतात.”

बुवांनी बोट उचललं. पानाच्या वरच्या कडेला, मिठाच्या जागी टेकवलं. तसंच ठेवलं.

सुदर्शनचं तिकडं लक्ष नव्हतं.

“बुवा, मला ती नोकरी पाहिजे. त्याच्याहून वरची मिळाली तर आणखी बरं. सोमवारी ते पुन्हा विचारतील, काम कशानं अडतं. काय सांगू?”

बुवांनी पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं.

“तो तूप घेऊन कशापायी थांबलाय... तेवढं सांग.”