गुडघ्यावरचा अंगठा

मायाप्पा धनगराचा डावा गुडघा पार झिजला होता. ऑपरेशनच्या सकाळी मोठे डॉक्टर निमकर खाटेपाशी आले आणि त्यांनी संमतीचा कागद पुढं केला. "लाव अंगठा."

"आधी वाचून दावा की सायेब."

"तुला काय कळणार त्यातलं? तीस वर्षं गुडघे बदलतोय मी!"

सिस्टरनं शाईचा पॅड धरला. मायाप्पानं सावकाश अंगठा बुडवला आणि कागद सोडून आपल्या डाव्या गुडघ्यावर ठसठशीत ठसा उठवला.

"हे काय रे?" डॉक्टर कडाडले.

"सायेब, बाजारला न्यायच्या मेंढराला आम्ही घरीच खूण करतो, न्हाईतर गडबडीत भलतंच जातं. तुमचा कागद मला वाचता येत न्हाई, पण माझा गुडघा मला ठावा हाय. माझी परवानगी एवढ्याच जागेला."

सगळे हसले. सिस्टर मात्र कागदाकडं बघत राहिली. "सर, इथं उजवा लिहिलाय."

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. चूक दुरुस्त करून त्यांनी अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. "आता लावता का अंगठा, आजोबा?"

"आता लावतो की!"

काही महिन्यांनी मायाप्पा आपल्या पायांनी मेंढरांमागं निघाला. त्या वॉर्डात अजूनही कागद आधी वाचला जातो, शाई मागून येते.