झाकणावरचा तांब्या

एका नदीकाठच्या मठात एकदा एक म्हातारी स्वयंपाकीण होऊन गेली. नाव बयाबाई, पण महंतांपासून गुराख्यापर्यंत सगळे तिला काकूच म्हणत. तिच्या हाताला अशी चव, की पंगतीला बसलेला माणूस बोलणं विसरे. आणि तिच्या खोडी अशा, की बघणाऱ्याला हसू आवरत नसे.

मीठ ती कायम डाव्या हाताने घाली. मीठ पडलं की लगेच पदराला गाठ मारी. कणीक मळता मळता मधूनच स्वतःच्या कानाची पाळी चाचपून बघे, त्यामुळे तिच्या कानाला बारमास पीठ. वाफेवर काही उकडायचं असलं, की भांड्याच्या तळाशी नदीतला सुपारीएवढा गोटा टाकी, झाकण घाली आणि खुशाल पाठ फिरवून पालेभाजी निवडत बसे.

"काकू आज दगडाची आमटी करणार," असं पंगतीतले पुरुष म्हणत आणि तिसऱ्यांदा वाढ मागत. हसणाऱ्यांची जातच अशी. चुलीपुढे जो कधी बसला नाही, तोच चुलीवर सगळ्यात जास्त बोलतो.

पुढे काकूचे सांधे धरू लागले. पिठाचा गोळा मुठीत मावेना. तेव्हा तिने हौसाला हाताखाली घेतलं. हौसा ही नवऱ्याने टाकलेली बाई. एकदा भात लागला म्हणून नवऱ्याने भरलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं, आणि काही दिवसांनी तिलाही माहेरी आणून सोडलं. माहेर म्हणजे काय, तर भावाची ओसरी. घोटभर पाणी प्यायचं तरी भावजयीच्या तोंडाकडे बघून.

मठाच्या कारभाऱ्यांनी रोखठोक सांगितलं, "नागपंचमीची दिंडं हिने एकटीने करायची. जमली, तर मागच्या अंगणातली खोली हिची, दोन वेळचं जेवण मठाचं. कच्ची निघाली, तर तालुक्याहून आचारी आणतो."

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. म्हणून पुरण कणकेच्या पातळ पारीत चौकोनी दुमडतात आणि हळदीच्या पानांवर ठेवून वाफेवर उकडतात. तीच दिंडं. सोपी वाटतात. करून बघा म्हणजे कळेल.

हौसाने पाच महिने काकूचा हात बघितला. काकूची एक खोड तिने सोडली नाही. मीठ डाव्या हाताने घातलं. गाठ मारली. कानाला पीठ लावून घेतलं. तसलाच गोटा नदीतून शोधून आणला. काकू लंगडत चुलीला वळसा घाली, तर हीसुद्धा नकळत एक पाय ओढू लागली! एवढं करून दोनदा दिंडं लावली आणि दोन्ही वेळा ती वरून चिकट, आतून कच्ची.

दुसऱ्या वेळी ती रडकुंडीला आली. "काकू, काय राहिलं हो माझं? सगळं तुमच्यासारखंच केलं. एखादा मंत्र आहे का? असला तर सांगा, तुमच्या पाया पडते."

"मंत्र?" काकू म्हणाली. "मंत्राने दिंडं उकडली असती, तर महंतांनीच नसती का उकडली? इतके मंत्र येतात त्यांना."

"मग चुकतंय कुठे?"

"ते बघायलाच बसलेय ना मी इथे. तू कर."

एवढंच. म्हातारी जास्त बोलायची नाही.

नागपंचमीची सकाळ उजाडली. हौसाने पुरण वाटलं, पाऱ्या लाटल्या, दुमडल्या. तपेल्यात पाणी ठेवलं, तळाशी गोटा टाकला, वर चाळणीत पानं अंथरून पहिला घाणा लावला. त्यावर सपाट ताटाचं झाकण घातलं. हात पुसते न पुसते तोच काकू आली. तिच्या हातात काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. तो तिने झाकणाच्या बरोबर मध्ये ठेवला.

"यातला थेंब सांडता कामा नये," ती म्हणाली. "विस्तवात पाणी पडलं तर सणाच्या दिवशी चूल विझेल. मी आंघोळीला चालले." आणि खरोखरच लंगडत नदीवर निघून गेली.

हौसा बघतच राहिली. पाच महिन्यांत ही खोड तिने कधी पाहिली नव्हती. आजच का? मंत्र होता तो हाच की काय?

तेवढ्यात कारभारी डोकावले. "वा! खाली दगड, वर तांब्या. संध्याकाळपर्यंत घंगाळही चढवा." मग आवाज बदलून म्हणाले, "आचाऱ्याला निरोप धाडू का?"

हौसाची नजर झाकणावर खिळली. आत काय चाललं असेल? पाणी आटलं असेल का? खाली लागलं असेल का? सवयीने हात झाकणाकडे गेला. तांब्याच्या काठावर पाणी थरथरलं. हात मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. मोजलं असतं तर वीस वेळा तरी झालं असतं. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ओसरी डोळ्यांपुढे उभी राहिली, भावजयीचं तोंडही.

करायला काही उरलं नाही, तेव्हा तिला ऐकू आलं. टक. टक-टक. टक. तपेल्याच्या तळाशी गोटा उकळत्या पाण्यात नाचत होता. पाणी आहे, असं आतून कोणीतरी सांगत होतं. पाच महिने गोटा टाकला, पण त्याचं बोलणं तिने आजवर ऐकलंच नव्हतं. हळूहळू झाकणाच्या कडेने हळदीच्या पानांचा वास सुटला, आणि मग गुळाचा.

काकू ओले केस पिळत आली. हौसा म्हणाली, "झाली, काकू." विचारलं नाही, सांगितलं.

काकूने तांब्या उतरवला. झाकण काढलं. दिंडं काचेसारखी चकाकत होती, आतलं पिवळं पुरण पारीतून दिसत होतं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून काकूने नुसतं बोटाने दाबून बघितलं. बोटाला काही चिकटलं नाही.

मग म्हातारी चुलीपुढे बसली आणि बोलली.

"माझी उजवी मूठ उधळी आहे. एका लग्नात माझ्या मिठापायी पंगत उपाशी उठली. तेव्हापासून मीठ डाव्या हाताकडे. तो कंजूष आहे. बोलण्याच्या नादात मी दोनदा मीठ घाली, म्हणून गाठ. किती मळलं ते मला कधी उमगेना, म्हणून कानाची पाळी. कणीक तेवढी मऊ झाली की पुरे. आणि मी विसरभोळी. दोन तपेली जाळली, तेव्हा गोटा टाकू लागले. तो गप्प झाला की मी धावते. हौसा, हे सगळे माझ्या चुकांवर बसवलेले राखणदार आहेत. तू माझे राखणदार नेलेस, पण तुझ्या घरातला चोर निराळा. तू विसरत नाहीस, तू भितेस. घडीघडीला झाकण उघडून बघतेस, आणि ज्या वाफेने शिजायचं ती वाफच निघून जाते. तुला कोणी भिववलं ते मी विचारत नाही. पण तो माणूस या झाकणाखाली नाही बये. उगाच बघत जाऊ नकोस."

हौसाने पदर डोळ्यांना लावला. मग दुसरा घाणा लावला, झाकण घातलं आणि तांब्या स्वतःच्या हाताने वर ठेवला.

 दुपारच्या पंगतीत कारभाऱ्यांनी तिसऱ्यांदा दिंडं मागून घेतली. संध्याकाळी मागच्या अंगणातली खोली झाडली गेली.

बऱ्याच वर्षांनी हौसाच्या हाताखाली एक नवी बाई शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने भाताच्या झाकणावर भरलेला तांब्या आणून ठेवला. हौसाने तो उचलला आणि बाजूला ठेवला.

"हा माझा," ती म्हणाली. "तू नुसता भात कर. तुझं काय करपतं, ते मी बघत बसते."

घरातली बाई चुलीपाशी काही विचित्र करताना दिसली, तर दात काढू नका. तिथे कधीतरी काहीतरी जळालं होतं, आणि ते पुन्हा जळू नये म्हणून ती एकटी पहारा देते आहे.