लेकराची जागा

गावच्या शाळेत पालक समितीची एक रीत होती. सभेला प्रत्येकानं वर्गात आपल्या लेकराच्या जागेवर बसायचं. अध्यक्ष दगाजीराव तेवढे खुर्चीत बसत.

कौतिकबाईची चिंगी शाळेमागच्या उघड्या विहिरीत बुडून गेली. त्यानंतरच्या सभेलाही कौतिकबाई आली आणि लेकीच्या खिडकीखालच्या जागेवर बसली. विहिरीला कठडा बांधा, एवढंच तिचं मागणं होतं.

दगाजीराव म्हणाले, "बाई, समितीत पालकच बसतात. तुमचं लेकरू आता शाळेत नाही. नियम म्हणजे नियम."

कौतिकबाई पदर सावरत उठली. "खरं आहे, नाना. जाते मी. पण चिंगीची जागा मी डोळे मिटून दाखवते. तुम्ही तुमच्या लेकाची दाखवा."

दगाजीरावांनी वर्गभर नजर फिरवली. पोराचं नाव अध्यक्षपदापुरतं इथल्या पटावर होतं; पोर जात होतं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. गुरुजींनी मान खाली घातली. शेवटी दगाजीराव खुर्चीतून उठले आणि चालते झाले.

कठड्याचा ठराव लगेच झाला.

"आता तरी बस गं," बायका म्हणाल्या.

"नियम खराच आहे, बायांनो," म्हणत कौतिकबाईनं चिंगीची जागा पदरानं पुसली आणि ती बाहेर पडली.