झुपकीची खळ सांडली

एक होती खार. खार होती मूठभर. शेपटी होती ओंजळभर. म्हणून सगळे तिला म्हणायचे झुपकी.

झुपकी एका जागी बसायचीच नाही. जेवताना उठायची. झोपताना उठायची. उठल्यावर तर पुन्हा उठायची. तिची शेपटी आपली सारखी, झुप झुप, झुप झुप.

चिंचेखाली अंगण होतं. अंगणात दिवाळी आली होती. सगळे मित्र मिळून तयारी करत होते. उंदीरमामा करंज्या करत होता. मनीमावशी लोणी कढवून तूप करत होती. कावळेदादा किल्ला बांधत होता. शेळीताई तोरण करत होती. कोंबडीकाकू अंडं उबवत होत्या. आता अंडं काही फराळात मोडत नाही. पण काकू म्हणाल्या, मला बाई हेच येतं.

आणि दिवाळीच्या दिवशी मनीमावशीने उंदीरमामाकडे बघायचं नाही, असं ठरलं होतं. मावशी बघत नव्हती. वास तेवढा घेत होती.

झुपकीकडे होता आकाशकंदील. फांदीच्या टोकाला जाऊन गाठ मारणं तिलाच जमायचं. पण सकाळीच कावळेदादा म्हणाला होता, "हिच्या हातून कंदील व्हायचा नाही. ही बसेल तर ना." झुपकीला ते फार लागलं होतं.

अंगणाचा नियम एकच. कंदील वर गेल्याशिवाय फराळाला कुणी तोंड लावायचं नाही.

झुपकीने काड्या बांधल्या. लाल कागद कापला. पिवळा कागद कापला. शेजारी वाटीत खळ होती. खळ म्हणजे पाण्यात शिजवलेला मैदा. पांढरी पांढरी, चिकट चिकट. खळ लावायची, की कागद बसला. तेवढ्यात झुपकीला वाटलं, जरा उठावं.

शेपटी हलली. झुप.
वाटी कलंडली. टण्ण.
खळ सांडली. मातीने पिऊन टाकली.

झुपकीने वाटीत पाहिलं. वाटी रिकामी. वर पाहिलं. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर. आता खळ कुठून आणायची?

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी निघाली उंदीरमामाकडे.

"मामा, मामा, मैदा दे.
मैद्याची खळ, खळीचा कंदील,
कंदील वर, मग फराळ घरोघर."

मामाने मिशा पुसल्या. मिशांना मैदा, कानांना मैदा. तो म्हणाला, सकाळी दिला तेवढा दिला. आता उरलाय तो करंज्यांचा. तूप घातल्याशिवाय करंजी म्हणजे निव्वळ दगड. तूप आलं, पीठ भिजलं, की उरलेला मैदा तुझा.

"आधी तूप, मग मैदा. तोवर बस जरा."

"बसायला वेळ कुठे?" झुपकी म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली मनीमावशीकडे.

"मावशी, मावशी, तूप दे.
तूप मामाला, मामा देईल मैदा,
मैद्याची खळ, खळीचा कंदील,
कंदील वर, मग फराळ घरोघर."

मावशी चुलीपुढे बसली होती. पातेल्यात लोणी होतं. चूल मात्र गार. राखेत एक निखारा होता, तोही पेंगत होता. मावशी म्हणाली, सकाळपासून बघतेय, लोणी अजून लोणीच आहे. चार काटक्या मिळाल्या तर चूल पेटेल.

"आधी काटक्या, मग तूप. तोवर बस जरा."

"बसायला वेळ कुठे?" झुपकी म्हणाली.

सूर्य उतरला. शेंड्यावरून फांदीवर आला.

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली कावळेदादाकडे.

"दादा, दादा, काटक्या दे.
काटक्या मावशीला, मावशी देईल तूप,
तूप मामाला, मामा देईल मैदा,
मैद्याची खळ, खळीचा कंदील,
कंदील वर, मग फराळ घरोघर."

कावळेदादाने काटक्यांचा किल्ला केला होता. किल्ला तीनदा पडला होता. झुपकी बोलत होती तेवढ्यात चौथ्यांदा पडला. कडकड, धप. दादा म्हणाला, मातीच नाही, तर दुसरं काय करू? माती मिळाली तर या सगळ्या काटक्या घेऊन जा. मग मान वाकडी करून त्याने विचारलं, तुझी खळ सांडली ना? मला ठाऊक होतं.

झुपकीचे डोळे भरून आले. तिने ते शेपटीने पुसले.

"आधी माती, मग काटक्या," दादा म्हणाला. "तोवर बस जरा. बसता आलं तर."

"बसायला वेळ कुठे?" झुपकी म्हणाली. पण हळू म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली शेळीताईकडे.

"ताई, ताई, माती दे.
माती दादाला, दादा देईल काटक्या,
काटक्या मावशीला, मावशी देईल तूप,
तूप मामाला, मामा देईल मैदा,
मैद्याची खळ, खळीचा कंदील,
कंदील वर, मग फराळ घरोघर."

शेळीताई मातीच्या ढिगावरच उभी होती. छान, मऊ माती. पण तिच्या चार पायांभोवती झेंडूची फुलं मांडलेली. मध्ये मध्ये आंब्याची पानं. पानं जरा कमीच दिसत होती, आणि ताईचं तोंड हलत होतं. तोंड पुसून ताई म्हणाली, हे तोरण ओवायला सुतळी नाही. मी ढिगावरून हलले तर फुलं गडगडतील. सुतळी आण, मी तोरण ओवते आणि उतरते. पण लवकर आण हं, पानं संपत चाललीत.

"आधी सुतळी, मग माती. तोवर बस जरा."

"बसायला वेळ कुठे?" झुपकी म्हणाली.

सूर्य उतरला. फांदीवरून कुंपणावर आला. लाल झाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरुतुरु, तुरुतुरु. धापा टाकत झुपकी गेली कोंबडीकाकूंकडे.

"काकू, काकू, सुतळी द्या.
सुतळी ताईला, ताई देईल माती,
माती दादाला, दादा देईल काटक्या,
काटक्या मावशीला, मावशी देईल तूप,
तूप मामाला, मामा देईल मैदा,
मैद्याची खळ, खळीचा कंदील,
कंदील वर, मग फराळ घरोघर."

काकू टोपलीत बसल्या होत्या. टोपलीचं तोंड भिंतीकडे. टोपलीत सुतळी, सुतळीवर अंडं, अंड्यावर काकू.

"सुतळी आहे गं," काकू म्हणाल्या. "माझ्या पोटाखाली आहे. पण मी उठले तर अंडं गार पडेल. आज फुटायचंय ते. माझ्या जागी कुणीतरी बसायला हवं. ऊबदार आणि अगदी गप्प."

झुपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

"आधी बस," काकू म्हणाल्या, "मग सुतळी."

बसायला वेळ... झुपकी म्हणणार होती. पण तिने कुंपणाकडे पाहिलं. सूर्य अर्धाच उरला होता. तिने टोपलीत पाहिलं. अंडं एवढंसं होतं. तिच्यासारखंच.

झुपकी टोपलीत शिरली. अंड्याला टेकून बसली. शेपटी अंड्याभोवती गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे.

काकू उठल्या. पाय ताणले. चोचीने सुतळी ओढली, सर्र सर्र. फडफड, फडफड, गेल्या.

झुपकी बसली.

एक मुंगी आली. कानावर चढली. कान हुळहुळला. झुपकी हलली नाही.

नाकाला वारा लागला. नाक वळवळलं. झुपकी हलली नाही.

मग शेपटीच्या टोकाला खाज सुटली. अशी सुटली, अशी सुटली. शेपटी म्हणाली, झुप करू? झुपकी म्हणाली, नको. शेपटी म्हणाली, एकदाच? झुपकीने डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "एकदाही नको. आत कुणीतरी आहे."

समोर भिंत होती. दिसत काहीच नव्हतं. पण ऐकू येत होतं.

टप टप, टप टप. काकूंनी सुतळी दिली ताईला. ताईने तोरण ओवलं. ताई ढिगावरून उतरली.

खर्र खर्र, खर्र खर्र. ताईने माती दिली दादाला. दादाचा किल्ला उभा राहिला. या वेळी पडला नाही.

कट कट, कट कट. दादाने काटक्या दिल्या मावशीला. मावशीने फुंकर घातली, फू फू. चूल पेटली.

कढ कढ, कढ कढ. लोण्याचं तूप झालं. मावशीने वाटी दगडावर ठेवली आणि पाठ फिरवली. मामाने वाटी उचलली आणि तो पळाला.

थप थप, थप थप. पीठ भिजलं. करंज्या झाल्या. आणि मैदा उरला.

खद खद, खद खद. मैद्याची खळ झाली.

काकू मात्र परत येईनात. तीन आठवडे त्यांना उठायला मिळालं नव्हतं. त्यांनी दोन दाणे टिपले. दोन घोट पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, दिवाळी आहे, आंघोळ तरी करते. आणि कोंबडीची आंघोळ म्हणजे धुळीत लोळणं. ती काय दोन मिनिटांत होते?

झुपकी बसली होती.

मामाने खळीची वाटी टोपलीपाशी आणली. दादाने चोचीत कंदिलाच्या काड्या आणल्या. मागून ताईने कागद आणले, न खाता आणले. झुपकीचे हात मोकळे होते. शेपटी अंड्याभोवती होती. बसल्या जागी तिने लाल कागद लावला. बसल्या जागी पिवळा कागद लावला. खाली झिरमिळ्या लावल्या, लाल, पिवळी, लाल, पिवळी. थेंबभर खळ सांडली नाही.

कावळेदादा बघत होता. चोच उघडी टाकून बघत होता.

शेवटची झिरमिळी लागली आणि शेपटीत आवाज झाला.

टक.

झुपकीने कान टवकारले.

टक टक. टक टक टक.

अंड्याला चीर गेली. चिरेतून चोच आली. चोचीमागून डोळा आला. ओलं ओलं पिल्लू बाहेर आलं. त्याने झुपकीकडे पाहिलं आणि ते म्हणालं, चिव.

"काकू," झुपकीने हळूच हाक मारली, "तुमची दिवाळी आली."

काकू धावत आल्या. अंगाची धूळ उडत होती, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि म्हणाल्या, "ऊठ गं बाई आता. ऊठ."

झुपकी उठली. कंदील घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु, खोडावर. तुरुतुरु, तुरुतुरु, फांदीवर. टोकाला गेली. गाठ मारली. कंदिलातली पणती लावली.

कुंपणामागे सूर्य बुडाला. चिंचेवर कंदील उजळला. लाल आणि पिवळा.

खाली ताट मांडलं होतं. सगळे गोल बसले. कावळेदादाने पहिली करंजी उचलली. सगळ्यांना वाटलं, हा आता खाणार. पण त्याने ती झुपकीपुढे ठेवली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तू बसलीस म्हणून झालं सगळं."

झुपकीने करंजी खाल्ली. कुरुम कुरुम. दोन घास बसून खाल्ले, तिसऱ्या घासाला उठली. झुप झुप, झुप झुप.

आणि काकूंच्या पंखाखालून पिल्लूही उठलं. टुणुक टुणुक, ताटापाशी. टुणुक टुणुक, किल्ल्यावर. टुणुक टुणुक, ताईच्या पाठीवर. काकूंनी हाका मारल्या, बस रे जरा, बस रे जरा. बसेल कशाला ते?

काकूंनी झुपकीच्या शेपटीकडे पाहिलं. कपाळाला पंख लावला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "उबवायला कुणाला बसवलं मी."

मग काय, पुढे झुपकी आणि मागे पिल्लू. तुरुतुरु, तुरुतुरु. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. अंगणभर फिरले, किल्ल्याला वळसा घालून आले. करंज्या संपल्या, आमची गोष्ट बसली. झुपकी मात्र अजून बसलेली नाही.