पाहुणीला न विचारलेला प्रश्न

ज्या काळाचं साल कुठल्याच बखरीत सापडत नाही, त्या काळची ही गोष्ट. बाळांनो, नीट ऐका. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण गोष्ट खरी तुमच्यासाठीच आहे.

एक मोठं राज्य होतं. त्यात माणसं इतकी, की राजाच्या कारकुनांनी शिरगणती अर्ध्यावरच सोडून दिली. एवढ्या गर्दीतून एखादं माणूस कमी झालं, तर त्याच्या घरच्यांशिवाय कुणाला पत्ता लागत नसे.

या राज्याच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, चटया विणणाऱ्यांचं एक गाव होतं. ओढ्यातलं लव्हाळं कापायचं, वाळवायचं आणि विणायला बसायचं. रुंद चटई एकटीला विणता येत नाही. दोन टोकांना दोघी लागतात. हौसा आणि तिची धाकटी बहीण भिवरा अशाच समोरासमोर बसत. भिवरा चौदा वर्षांची, बोलता बोलता हसणारी. हौसा तिच्याहून पाच वर्षांनी मोठी आणि तोंडानं फटकळ.

गावाची एक रीत होती. पाहुणा आला की आधी गूळपाणी. आणि एकदा त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, की त्याला नाव, गाव, काम यातलं काही विचारायचं नाही. गावाचे पूर्वज म्हणे कुठूनसे जीव मुठीत धरून आले होते, आणि कुणीतरी त्यांना एक अक्षर न विचारता जेवू घातलं होतं. रीत चांगलीच होती. पण गावाला तिचा अभिमान इतका, की ती कधी तपासून बघावी असं कुणाला वाटलंच नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला एक बाई गावात आली. अंगावर भारी लुगडं, बोलणं मधासारखं. आल्या आल्या तिनं गुळाचा खडा मागून घेतला. मग हौसाच्या घरच्या ओट्यावर ऐसपैस बसून तिच्या आईला म्हणाली, "वहिनी, राजधानीत चटयांना फार मागणी आहे हो. तुमच्या पोरींचे हात सोन्याचे. चार पोरी द्या माझ्याबरोबर. पीक निघेपर्यंत आणून सोडते."

"राजधानीत कुठं?" हौसानं विचारलं. "कुठल्या आळीत? कुणाच्या घरी?"

आईनं तिला जोरात चिमटा काढला. गावचे कारभारी थोरले आबा चिडले. "अगं ए! पाहुणीनं गूळ खाल्लाय. तिला गाव विचारतेस? सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही."

"सात पिढ्यांत कुणी पोरीही मागितल्या नव्हत्या, आबा."

"हिची जीभ विणायला घ्या रे," कुणीतरी म्हणालं. "दहा चटया होतील." सगळे हसले. पाहुणी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

चार पोरी गेल्या. भिवरा निघताना म्हणाली, "ताई, माझं टोक तसंच ठेव हं. मी आले की पुरं करू."

पीक निघालं. पोरी आल्या नाहीत. दुसरं पीक निघालं. हौसासमोर अर्धी चटई तशीच पडून होती. ती आबांकडे गेली.

"आबा, कुणाला तरी पाठवा."

"कुठं पाठवू?" आबा म्हणाले. "कुणाच्या नावानं चौकशी करू? आपल्याला त्या बाईचं गावसुद्धा ठाऊक नाही."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पान लावायला घेतलं. आपण काय बोललो, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

हौसा एकटीच निघाली. सात दिवस चालून राजधानीच्या दरवाज्यापाशी पोहोचली. तिथल्या शिपायानं विचारलं, "कुणी नेली? नाव काय त्या बाईचं? कुठली ती?"

हौसाला एवढंच सांगता आलं, की त्या बाईनं गूळ खाल्ला होता.

"बये," शिपाई जांभई देत म्हणाला, "अशा पन्नास बहिणी येतात रोज. इथं माणसं मुंग्यांसारखी. त्यातून तुझी एक मुंगी कशी काढून देऊ?"

दरवाज्याच्या आत एक पाणपोई होती. पाणी देणाऱ्या म्हातारीनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं हौसाला ओंजळभर पाणी दिलं आणि तिला पोटभर पिऊ दिलं. मग म्हणाली, "भारी लुगडं? गोड बोलते? हसते मोठ्यानं?"

"तुम्ही ओळखता तिला?"

"मलाही तिच्यासारखीनंच आणलं होतं. ती पोरी नेते त्याच घरात नऊ वर्षं होते मी. त्याचं दार बाहेरून लावतात."

हौसा उठलीच. म्हातारीनं तिचा पदर धरला. "एकटी जाऊ नकोस. एकटी गेलीस तर आत दोघी होतील."

म्हातारीनं धोबिणींना बोलावलं, भाजीवाल्यांना बोलावलं, पखाली वाहणाऱ्यांना बोलावलं. भर दुपारी तीसेक माणसं त्या घरासमोर जाऊन बसली. शिव्या नाहीत, दगड नाहीत. नुसती बसली आणि मुलींची नावं घेत राहिली. रस्त्यावर गर्दी जमली. आता सगळं नगर बघतंय म्हटल्यावर तोच शिपाई धावत आला आणि त्यानं अडसर काढला.

आतून भिवरा बाहेर आली. उजेडानं तिचे डोळे मिटत होते. बाकीच्या तिघींना केव्हाच पुढं नेलं होतं. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं. गोड बोलणारी बाई मागच्या दारानं पसार झाली होती.

निघताना म्हातारी हौसाला म्हणाली, "वाटेत हिला काही विचारू नकोस. खायला घाल, झोपू दे, हात धरून चाल. बोलली तर ऐक. नाही बोलली तर तेही ऐक."

हौसाच्या ओठांवर शंभर प्रश्न होते. तिनं ते सगळे गिळले. चौथ्या दिवशी भिवरा स्वतःहून म्हणाली, "ताई, ऊन छान आहे." हौसाला वाटलं, झालं, आता होईल सगळं नीट.

गावाच्या वेशीवर माणसं जमली होती. गूळ कुणी आणला नव्हता.

"कुठं होतीस?" आबांनी विचारलं.

"कुणाच्या घरी?" दुसऱ्यानं विचारलं.

"किती जण होते?"

"पळाली का नाहीस?"

"आरडाओरडा तरी केलास का?"

आणि मागून तीन आया एकदम: "माझी कुठाय? तू आलीस, मग माझी का नाही आली?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भिवरानं दिली. नंतर ती जमिनीकडे बघत उभी राहिली. हौसा पुढं झाली.

"त्या बाईला एक प्रश्न विचारला नाहीत! गाव विचारलं असतंत तर ही गेलीच नसती. आणि आता हिला विचारता?"

"ती पाहुणी होती," आबा शांतपणे म्हणाले. "ही आपली आहे. आपल्या माणसाला विचारायचा आपल्याला हक्क आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आई दाराच्या आत उभी होती. ती उंबरा ओलांडून आली नाही. ठरलं असं, की भिवरानं ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहावं. पंच बसतील, विचार करतील, मग सांगतील.

हौसा तिच्यासोबत झोपडीत राहिली. पंच तीनदा बसले. प्रत्येक वेळी भिवराला बोलावलं आणि प्रत्येक वेळी तेच विचारलं. फक्त विचारणारा बदलायचा. ओढ्यावर पाणी भरायला आलेल्या बायकासुद्धा घागर बुडवता बुडवता एखादा प्रश्न टाकून जायच्या. भिवराचं बोलणं पुन्हा थांबलं.

एका सकाळी हौसा लव्हाळं कापायला गेली. परत आली तेव्हा झोपडी रिकामी होती.

"मी बघितली तिला," रानातल्या धनगरानं सांगितलं. "राजधानीच्या वाटेनं जात होती."

"कुणी ओढून नेत होतं?"

"नाही गं पोरी. एकटीच होती. सावकाश चालत होती."

हौसा पुन्हा सात दिवस चालली. म्हातारीनं पुन्हा माणसं जमवली. पण आता ते घर रिकामं होतं, आणि नगरात तसली किती घरं होती ते राजालाही माहीत नव्हतं. भिवरा त्या गर्दीत नाहीशी झाली. ती पुन्हा कधी सापडली नाही.

गोष्ट इथं संपली असती तरी पुरे होतं. पण संपली नाही.

पुढच्या वर्षी उरलेल्या तिघींपैकी एक, तुळसा, कुठूनशी सुटली. कुणाची मदत नाही, पायांत काही नाही, अशी ती महिनाभर चालत आली. डोंगराच्या खिंडीत तिला तोच धनगर भेटला. खिंडीतून गाव दिसतं. घरांवरचा धूरही दिसतो. तुळसानं विचारलं, "भिवरा आली का हो गावात?"

धनगर साधा माणूस. त्यानं झालं तसं सांगितलं.

तुळसा थोडा वेळ एका दगडावर बसली. आपल्या आईच्या घराकडे बघत राहिली. मग उठली आणि आली त्या वाटेनं परत गेली.

धनगरानं गावात येऊन हे सांगितलं, तेव्हा हौसा खिंडीकडे धावली. तुळसाची आई तिच्या मागून धावली. वर कुणी नव्हतं. दोघींनी हाका मारल्या. डोंगरानं त्या परत दिल्या.

खाली गावात पंच पुन्हा जमले होते. तुळसा नेमकी कुठून आली असेल, यावर त्यांची चर्चा चालली होती.

तात्पर्य: जे गाव नेणाऱ्याला काही विचारत नाही आणि परत आलेलीला विचारत सुटतं, ते आपली लेक दोनदा गमावतं.