भोकाची वाटी आणि गडाचा पहारा

राजानं भाला हातात दिला, आणि मूठ आवळायच्या आत काढूनही घेतला!

उंबरगडाच्या मोठ्या दरवाज्याला पहारेकरी हवा होता. खंडू गवंड्यानं नुकतेच धान्याच्या कोठारात शिरलेले चोर एकट्यानं धरले होते, म्हणून राजा बळिभद्रानं त्यालाच बोलावलं. भाला दिला, लोकांनी "वा वा!" केलं. तेवढ्यात कारभारी राजाच्या कानाला लागला, "महाराज, हा तरुणपणी त्याच कोठारातून हंडा पळवताना सापडला होता. तुरुंगात खडी फोडलीय यानं!"

झालं! राजाच्या मिशा फुरफुरल्या.

"खरं का रे?"

"खरं, महाराज," खंडू खाली बघत म्हणाला. "शिक्षा भोगली. त्यानंतर कुणाच्या बांधावरचं गवतसुद्धा उचललं नाही."

"गवताचं मला सांगू नकोस! एकदा तुरुंग पाहिला, त्याच्या हाती पहारा नाही. भोक पडलेल्या भांड्यावर माझ्या राज्यात कुणी विसंबायचं नाही. हुकूम आहे माझा!"

खंडूची लेक गोजरा गर्दीत उभी होती. पोरगी चुणचुणीत, जीभ म्हणाल तर विळ्याची धार! आली पुढं.

"महाराज, चोर मोरीतून शिरले. ती मोरी तुमच्या धुतल्या तांदळासारख्या पहारेकऱ्यांना कुठं दिसली? माझ्या आबांनाच दिसली!"

"फार चुरुचुरु बोलतेस की गं! मग एक कर. अख्खा गड ज्याच्यावर डोळे मिटून विसंबतो, असं एक तरी भोकाचं भांडं मला दाखव. उद्या माझ्या जेवणाच्या आत! नाही दाखवलंस, तर बापलेकीनं गड सोडून चालतं व्हायचं."

घरी येऊन खंडू गुपचूप बोचकं बांधायला बसला. "गोजरे, चाळणीत कधी पाणी राहतं होय?"

"आबा, बोचकं सोडा आणि भाकरी खा," गोजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. सूर्य कुठं आहे, पत्ता नाही. राजाला भूक लागली, पण ताट येईना.

"अरे, वाढा की!"

आचारी हात जोडून म्हणाला, "तास पडला नाही, महाराज! तास पडल्याशिवाय ताट मांडायचं नाही, ही गडाची रीत."

रीत म्हणजे रीतच! पहाऱ्याची पाळी बदलेना. रात्रीपासूनचे गडी भाल्यांना टेकून पेंगत होते. देवळात लग्न लागेना. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, आणि नवरामुलगा पाटावर उभा राहून राहून रडकुंडीला आला.

राजा तणतणत दरवाज्याशी गेला. तिथं पाण्याचं मोठं घंगाळ होतं. त्यात तांब्याची पातळ वाटी सोडायची. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी आत शिरायचं, वाटी भरून बुडायची. बुडाली की एक घटका झाली! मग घड्याळजी तास, म्हणजे टांगलेली काशाची थाळी, ठोकायचा. आज मात्र वाटी बदकासारखी तरंगत होती, आणि घड्याळजी हातोडा धरून नुसता बघत बसला होता.

"झोपलास काय रे?"

"नाही, महाराज! वाटीच बुडत नाही. भोक बुजवलंय."

"कुणी? कुणाची एवढी छाती झाली?"

"माझी, महाराज!" गोजरा पुढं झाली. "मीच मेण लावलं. हे घड्याळजीकाका नको नको म्हणत होते. मी म्हटलं, भोकाच्या भांड्यावर कुणी विसंबायचं नाही, असा कालच हुकूम झालाय."

"हुकूम म्हणजे हुकूम!" घड्याळजी पुटपुटला.

"आणि तुम्ही मागितलेलं भांडं हेच!" गोजरा म्हणाली. "तुमचं ताट यावर, लग्नं यावर, गडाचा पहाराही यावरच!"

राजा वाटीकडे बघतच राहिला. पण हट्टी तो हट्टी! म्हणाला, "अगं, हे भोक तांबटानं मापून पाडलंय. तुझ्या बापानं स्वतःचं स्वतः पाडून घेतलं!"

"पाडून घेतलं, नाही कशाला म्हणू? पण तांबटाच्या वाटीवर तरी तुम्ही पहिल्याच दिवशी विसंबलात का? जुन्या वाटीशेजारी सोडून आधी पारखलीत ना! माझ्या आबांनाही जुन्या पहारेकऱ्याशेजारी उभं करा आणि पारखा. नुसतं भोक दिसलं म्हणून उकिरड्यावर टाकू नका!"

"आणि पुन्हा हात मारला तर?"

"तर वाटी बुडाल्यावर घड्याळजी करतो, तेच करा, महाराज. ठोका!"

राजा असा हसला, असा हसला, की पागोटं घंगाळात पडलं! ओलं पागोटं तसंच डोक्यावर ठेवून त्यानं खंडूला बोलावलं, जुन्या पहारेकऱ्याशेजारी उभं करून हाती भाला दिला, आणि कारभाऱ्याला म्हणाला, "आजपासून पहाऱ्याला येईल त्याला आधी पारखायचं, मग बोलायचं!"

मग गोजराकडे वळला. "तुला हिरवंगार लुगडं, चांदीचे तोडे आणि आज माझ्या पंगतीत पहिला पाट! पण आधी ते मेण काढ गं माझे आई, पोटात कावळे कोकलताहेत!"